देवदूताची संभाव्यता : लुईस ते पुलमन, एका समीक्षाव्यवहाराचा इतिहास

फँटसी कादंबरीत ड्रॅगन आला, चेटकीण आली किंवा बोलणारे झाड आले, तर समीक्षकाची फारशी अडचण होत नाही. या गोष्टींवर कोणाची श्रद्धा नसते, त्यामुळे त्या मान्य करण्यासाठी काही मोजावे लागत नाही. देवदूताचे तसे नाही. तो एकाच वेळी कल्पितसृष्टीतील पात्र असतो आणि कोट्यवधी माणसांच्या प्रार्थनेतील अस्तित्वही असतो. देवदूत असलेली कादंबरी परीक्षणासाठी हाती घेणाऱ्याला म्हणूनच संहितेचे मूल्यमापन करता करता स्वतःच्या श्रद्धेचा किंवा अश्रद्धेचाही हिशेब द्यावा लागतो, आणि बहुधा तो हिशेब नकळतच दिला जातो. सी. एस. लुईस यांची अंतराळविषयक कादंबरीत्रयी (१९३८–४५) आणि फिलिप पुलमन यांची 'हिज डार्क मटेरिअल्स' ही त्रयी (१९९५–२०००) यांच्या स्वागताचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. पहिल्या त्रयीच्या आरंभी समीक्षकांना धर्मशास्त्र दिसलेच नाही. दुसऱ्या त्रयीच्या शेवटी अनेकांना धर्मशास्त्राखेरीज काही दिसेनासे झाले. या दोन टोकांच्या मध्ये देवदूत वाचण्याची एखादी साहित्यिक रीत संभवते काय, हा खरा प्रश्न आहे.

इंग्रजी कादंबरीत देवदूत लुईस यांच्या आधीही आला होता. एच. जी. वेल्स यांच्या 'द वंडरफुल व्हिजिट' (१८९५) मध्ये एक पाद्री विचित्र पक्षी समजून देवदूतावर बंदूक झाडतो आणि जखमी पाहुण्याला घरी आणतो. हा देवदूत श्रद्धेतला नसून कलेतला आहे, असा खुलासा वेल्स यांनी कथनातच करून ठेवला. फ्रेंचमध्ये आनातोल फ्रांस यांनी 'देवदूतांचे बंड' (१९१४) लिहिले. त्यातील रक्षक देवदूत एका ग्रंथसंग्रहात वाचन करून नास्तिक होतो. या दोन्ही कृतींत देवदूत हे उपरोधाचे साधन आहे. मानवी समाज बाहेरून न्याहाळणारा डोळा एवढेच त्याचे कार्य असल्यामुळे त्याच्या अस्तित्वाविषयी वाचकाला काही ठरवावे लागत नाही.

'आउट ऑफ द सायलेंट प्लॅनेट' (१९३८) मध्ये ही स्थिती बदलली. भाषाशास्त्रज्ञ रॅन्सम याला पळवून मंगळावर नेले जाते. तेथे त्याला 'एल्डिल' नावाची जवळजवळ अदृश्य, प्रकाशरूप अस्तित्वे भेटतात. त्यांच्यातील श्रेष्ठ तो त्या ग्रहाचा अधिपती ओयार्सा. पृथ्वीचा अधिपती मात्र कुटिल झाला आहे, आणि म्हणून पृथ्वी विश्वसंवादातून तुटलेला 'मूक ग्रह' ठरली आहे. पतित देवदूताची ही ख्रिस्ती कथा लुईस यांनी परिचित नावे पूर्णपणे टाळून सांगितली. 'ओयार्सा' हा शब्दही बाराव्या शतकातील बर्नार्डस सिल्व्हेस्ट्रिस या लॅटिन ग्रंथकारापर्यंत पोहोचतो. पुढच्याच वर्षी एका जोगिणीला लिहिलेल्या पत्रात लुईस यांनी नोंदवले, की सुमारे साठ परीक्षणांपैकी केवळ दोनच परीक्षणकर्त्यांना कुटिल अधिपतीची कथा ही लेखकाची खासगी कल्पना नसल्याचे कळले होते. या अज्ञानाचा त्यांना खेद झाला नाही. उलट, रम्यकथेच्या आवरणाखाली लोकांच्या मनात कितीही धर्मशास्त्र त्यांच्या नकळत पोहोचवता येईल, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

या घटनेकडे साहित्यशास्त्राच्या अंगाने पाहायचे, तर भारतीय परंपरेतील एक विचार येथे उपयोगी पडतो. रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त सांगितली आहेत. त्यांतील पहिले संभावनाविरहाचे. जे घडणे संभवनीयच वाटत नाही, त्यात सहृदयाचे चित्त विश्रांत होत नाही. अलौकिक कृत्ये दाखवायची असतील तर रामासारख्या प्रख्यात नायकाचा आश्रय करावा, असा उपाय अभिनवगुप्त सुचवतो, कारण अखंड प्रसिद्धीमुळे अशा नायकाविषयी दृढ प्रत्यय आधीच रुजलेला असतो. संभाव्यता ही अशा प्रकारे केवळ संहितेचा गुण राहत नाही. संहिता आणि समाजाची स्मृती यांच्यातील तो करार ठरतो.

१९३८ च्या परीक्षणांनी हा करार मोडल्याचे दाखवून दिले. मिल्टनच्या वाचकाजवळ देवदूताची प्रसिद्धी होती. साठांपैकी अठ्ठावन्न परीक्षणकर्त्यांना, निदान या वेषात, ती ओळखू आली नाही. लुईस यांनी या उणिवेचाच उपयोग करून घेतला. जुन्या नावाला चिकटलेले नाताळच्या शुभेच्छापत्रांवरचे गोंडस रूप टाळायचे, तर जुने नावच टाकणे आवश्यक होते. १९६१ मध्ये 'द स्क्रूटेप लेटर्स'च्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी चित्रकलेतील देवदूताच्या या ऱ्हासाची मीमांसा केली. बायबलमधील देवदूताचे दर्शन भयकारी असते, 'भिऊ नका' असे त्याला प्रथम सांगावे लागते. एकोणिसाव्या शतकातील देवदूत मात्र केवळ सांत्वन करणारा झाला, असा तिचा आशय आहे. 'एल्डिल' हा शब्द म्हणजे प्रसिद्धी गमावलेल्या वस्तूला पुन्हा संभाव्यता मिळवून देण्याचा प्रयत्न होय.

त्या अठ्ठावन्न परीक्षणकर्त्यांचे वाचन मग चुकीचे मानायचे काय? संदर्भ न ओळखणे ही विद्वत्तेतील उणीव म्हणता येईल. आस्वादातील उणीव तिच्यामुळे सिद्ध होत नाही. टॉल्किन यांनी १९३९ च्या परीकथांवरील व्याख्यानात कोलरिजच्या 'अविश्वासाच्या स्थगिती'ऐवजी 'दुय्यम विश्वासा'ची संकल्पना मांडली. कल्पितसृष्टी सुसंगत असेल तर वाचक तिच्या आत असेपर्यंत तिच्यावर विश्वास ठेवतो, अविश्वास दाबून धरण्याची त्याला गरज पडत नाही. एल्डिलांवर असा दुय्यम विश्वास ठेवणाऱ्या वाचकाने कादंबरी कादंबरी म्हणूनच वाचली होती. रा. भा. पाटणकर यांच्या 'सौंदर्यमीमांसे'तील (१९७४) परिभाषेत सांगायचे, तर ते वाचन अलौकिकतावादी भूमिकेला जवळचे होते, आणि लेखकाचा हेतू मात्र उघडपणे लौकिकतावादी होता. लुईस यांच्या पत्रातील समाधान म्हणूनच निःशंकपणे स्वीकारता येत नाही. नकळत पोहोचलेले धर्मशास्त्र वाचकाच्या मनात धर्मशास्त्र म्हणून राहते की कथा म्हणून, याचे उत्तर साठ परीक्षणांच्या मोजणीतून मिळत नाही.

त्रयीचा तिसरा भाग, 'दॅट हिडियस स्ट्रेंग्थ', १९४५ मध्ये आला तेव्हा आवरण उरले नव्हते. विज्ञानाच्या नावाने सत्ता बळकावणारी एक संस्था, तिच्यामागील आसुरी शक्ती आणि त्यांच्या प्रतिकारासाठी उतरणारे ग्रहांचे देवदूत, असा त्याचा व्यूह आहे. जॉर्ज ऑर्वेल यांनी १६ ऑगस्ट १९४५ रोजी 'मँचेस्टर इव्हनिंग न्यूज'मध्ये त्याचे परीक्षण केले. हिरोशिमावर बॉम्ब पडून दहा दिवस झाले होते. सत्तापिपासू शास्त्रज्ञांचे चित्र त्यांना अजिबात अतिशयोक्त वाटले नाही. त्यांचा आक्षेप अद्भुतावर होता. देव आणि सैतान यांचा झगडा सुरू झाला की कोणाचा जय होणार हे आधीच कळते, आणि दैवी साहाय्य नसणे यातच दुष्टाविरुद्धच्या लढ्याचे नाट्य असते, असे त्यांचे म्हणणे. आक्षेपाचे स्वरूप येथे नीट ध्यानात घेतले पाहिजे. देवदूत नसतात म्हणून ते नकोत, असे ऑर्वेल म्हणत नाहीत. त्यांच्या येण्याने कथेतील ताण नाहीसा होतो, असे म्हणतात. हा आकृतिबंधाविषयीचा आक्षेप आहे, आणि श्रद्धावंत समीक्षकालाही त्याचे उत्तर द्यावे लागेल.

जे. बी. एस. हाल्डेन यांचा पवित्रा वेगळा होता. 'मॉडर्न क्वार्टर्ली'त १९४६ मध्ये त्यांनी तिन्ही कादंबऱ्यांवर एकत्रित हल्ला चढवला. जीवशास्त्रज्ञ आणि मार्क्सवादी असलेल्या हाल्डेन यांच्या मते लुईस यांचे विज्ञान चुकीचे होतेच. शिवाय विज्ञानाचे समाजाला साहाय्य म्हणजे नरकाचा मार्ग, ही शिकवण प्रतिगामी होती. या वादाला पूर्वपीठिका होती. हाल्डेन यांच्या 'पॉसिबल वर्ल्ड्स' (१९२७) मधील 'द लास्ट जजमेंट' या लेखात मानवजातीने अन्य ग्रहांवर वसाहत करण्याचे जे चित्र आहे, त्याने लुईस यांना पहिल्या कादंबरीसाठी डिवचले होते. वेस्टन या पात्राच्या तोंडी त्याचेच विडंबन आहे. लुईस यांनी उत्तर लिहायला घेतले, पण ते अपुरे राहिले आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९६६ मध्ये छापले गेले. आपला रोख शास्त्रज्ञांवर नसून विज्ञानवादावर आहे, हा त्यातील मुख्य मुद्दा. वादाचा हा भाग मोलाचा असला तरी त्यात कादंबरी हातची निसटते. हाल्डेन देवदूताला राजकीय विधान मानतात, आणि प्रत्युत्तर देताना लुईसही त्याच पातळीवर उतरतात.

संहितेकडे परतायचे, तर त्रयीच्या दुसऱ्या भागातील, म्हणजे 'पेरेलान्ड्रा'तील (१९४३) एक वर्णन निर्णायक ठरते. पहिल्या प्रकरणात लुईस हेच नाव धारण करणारा निवेदक रॅन्समच्या घरी प्रथमच एल्डिल पाहतो. त्याला दिसतो तो प्रकाशाचा एक फिकट स्तंभ. तो जमिनीशी काटकोनात नाही. पण स्तंभ कलला आहे, असे निवेदकाला वाटत नाही. स्तंभच खरा उभा आहे आणि जमीन तिरपी आहे, असे त्याला जाणवते. देवदूताच्या साहित्यिक संभाव्यतेचे याहून नेमके वर्णन क्वचितच सापडेल. पंख किंवा तेजोवलय यांतून काही सिद्ध होत नाही. ज्या चौकटीतून आपण जग मोजतो, तीच सदोष असल्याचा प्रत्यय वाचकाला आला तरच देवदूत अवतरला असे म्हणता येते. याच कादंबरीच्या अखेरीस दोन अधिपती मानवी डोळ्यांना पेलेल असे रूप शोधताना आधी ज्वाला आणि नेत्र, मग फिरती चक्रे अशी रूपे घेऊन पाहतात. रूपाचा प्रश्न तेथे कथेचाच विषय होतो.

हा निकष लावला असता ऑर्वेल यांच्या आक्षेपाची व्याप्ती निश्चित करता येते. 'पेरेलान्ड्रा'त देवदूत रॅन्समच्या वतीने लढत नाहीत. आदेश अंतर्यामीचा असला तरी झुंज त्याला स्वतःच्या दोन हातांनी द्यावी लागते, आणि टाचेची जखम कायमची राहते. तेथे ताण टिकतो. तिसऱ्या भागात मात्र देवदूतांची शक्ती मर्लिनमध्ये उतरते आणि शत्रूचा नाश होतो. सज्जन पात्रांना बव्हंशी वाट पाहण्यापलीकडे काम उरत नाही. ऑर्वेल यांचा आक्षेप तिसऱ्या भागाला लागू पडतो. देवदूत असलेल्या प्रत्येक कादंबरीला तो लागू पडत नाही.

पुलमन यांच्या त्रयीत चित्र उलटे होते. लुईस यांच्या नार्निया-कथांवर पुलमन यांनी १९९८ मध्ये 'गार्डियन'मधून कठोर टीका केली होती. 'द अँबर स्पायग्लास' (२०००) मध्ये परमाधिकारी म्हणवणारा देव हा वस्तुतः पहिला देवदूत आहे. त्याने जग निर्माण केलेले नाही, तसा दावा मात्र केला आहे. या कादंबरीने २००१ चा व्हिटब्रेड पुरस्कार मिळवला. बालसाहित्याच्या पुस्तकाला वर्षातील सर्वोत्तम पुस्तकाचा हा मान प्रथमच मिळत होता. जानेवारी २००२ मध्ये 'मेल ऑन संडे'त पीटर हिचन्स यांनी पुलमन यांना ब्रिटनमधील सर्वांत धोकादायक लेखक ठरवले. याउलट कँटरबरीचे तत्कालीन आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी २००४ मध्ये नॅशनल थिएटरमध्ये पुलमन यांच्याशी जाहीर संवाद केला आणि कादंबरीतील हल्ला दमनकारी धर्मसत्तेवर असल्याची भूमिका घेतली. एक निषेध, दुसरे आदरयुक्त अर्थनिर्णयन. तरी दोहोंचा विषय धर्मच. कादंबरीच्या घडणीचा प्रश्न मायकेल शेबन यांनी त्याच वर्षी 'न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स'मध्ये लावून धरला. अखेरच्या खंडात कथेवर प्रतिपादनाचा भार पडतो, हा त्यांचा आक्षेप ऑर्वेल यांच्या आक्षेपाशी नाते सांगणारा आहे.

पुलमन यांच्या देवदूतांना वरचा निकष लावला तर काय दिसते? बाल्थामॉस आणि बारूक हे एकमेकांवर प्रेम करणारे देवदूत माणसापेक्षा दुर्बळ आहेत, कारण त्यांना देह नाही. देहाविषयीची आसक्तीच मेटाट्रॉनच्या नाशाला कारण होते. येथेही जमीन तिरपी होते, पण उलट दिशेने. देहधारी असणे हीच श्रेष्ठ अवस्था असल्याचा प्रत्यय वाचकाला येतो. बारूकच्या मृत्यूनंतरच्या बाल्थामॉसच्या शोकात हे जितके सिद्ध होते, तितके धर्मसत्तेविरुद्धच्या भाषणांत होत नाही. पुलमन आणि लुईस यांची मते परस्परविरोधी असली तरी त्यांची बलस्थाने आणि त्यांचे दोष एकाच जातीचे आहेत. देवदूत पाहण्याची चौकट बदलतो तेथे दोघेही समर्थ ठरतात. तो निकाल जाहीर करतो तेथे दोघेही दुबळे पडतात.

मराठी अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. राचोल येथे १६१६ मध्ये छापल्या गेलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितली. तेथे आशय नवा होता, पण ओवी आणि पुराण या रूपांना श्रोत्यांच्या मनात अखंड प्रसिद्धी होती. त्या प्रसिद्धीचा आधार स्टीफन्स यांनी घेतला. स्टीफन्स यांनी अपरिचित आशयासाठी परिचित रूप निवडले. लुईस यांनी परिचित असूनही विस्मृत झालेल्या आशयासाठी अपरिचित रूप घडवले. संभाव्यता कोठून मिळवायची, हा पेच मात्र दोघांचाही होता.

परीक्षणकर्त्याची जबाबदारीही यातूनच निश्चित होते. संदर्भ ओळखणे हे त्याचे पहिले काम. १९३८ मध्ये ते बव्हंशी झाले नाही. ओळखलेल्या संदर्भालाच निकाल न मानणे हे दुसरे. २००२ मध्ये ते राहून गेले. ऑर्वेल यांच्या छोट्या परीक्षणाचे महत्त्व हे, की श्रद्धा बाजूला ठेवून त्यांनी देवदूताला कथेच्या नियमांपुढे उभे केले. देवदूत आहेत की नाहीत, हे समीक्षेने ठरवायचे नसते. त्यांच्या येण्याने संहितेतील जमीन खरोखर कलली की नाही, एवढे मात्र तिने सांगितले पाहिजे, आणि ते सांगण्यासाठी समीक्षकाचे श्रद्धावान किंवा अश्रद्ध असणे ही अट ठरू शकत नाही.