व्याज जन्मते कोठे?

व्याज नेमके कोठे जन्मते? ऋणको जेथे राबतो तेथे, की धनकोची तिजोरी असते तेथे? दोन देशांमधील करकरारांत हा प्रश्न शंभर वर्षे लढवला जात आहे. परदेशी धनकोला व्याज पाठवण्याआधीच त्यातून कर कापून घ्यायचा, म्हणजे उद्गमस्थानी करकपात करायची, तर ती किती, हा त्यातला कळीचा वाद.

पहिल्या महायुद्धानंतर करांचे दर चढले आणि एकाच उत्पन्नावर दोन देश हक्क सांगू लागले. राष्ट्रसंघाने हा प्रश्न ब्रुइन्स, आयनाउदी, सेलिग्मन आणि स्टॅम्प या चार अर्थतज्ज्ञांकडे सोपवला. रोख्यांच्या व्याजापुरता त्यांच्या १९२३ च्या अहवालाचा कौल धनकोच्या निवासदेशाकडे झुकला. चौघांत आशियाचा वा लॅटिन अमेरिकेचा कोणीही नव्हता.

१९४३ साली युरोप युद्धात गुंतलेला असताना मेक्सिकोत नवा मसुदा झाला. त्यावर लॅटिन अमेरिकी देशांचा प्रभाव होता. भांडवल जेथे गुंतवले तेथेच कर, असे तो म्हणाला. १९४६ च्या लंडन मसुद्यात पारडे पुन्हा धनकोकडे फिरले. १९६३ मध्ये ओईसीडीच्या मसुद्याने तडजोड सुचवली : उद्गमदेशाने कर घ्यावा, पण व्याजाच्या १० टक्क्यांपर्यंतच. संयुक्त राष्ट्रांच्या १९८० च्या नमुन्यात मात्र दराची जागा कोरीच आहे. ती उभय देशांनी वाटाघाटीने भरायची. भारताने अमेरिकेबरोबर १९८९ साली सर्वसाधारण १५ आणि बँकांच्या कर्जांसाठी १० टक्के मान्य केले. मॉरिशसबरोबर २०१६ मध्ये साडेसात.

परंतु संहिता एक सांगते आणि व्यवहार दुसरेच. हा कर नफ्यावर नसून संपूर्ण व्याजावर असतो. शंभर रुपये व्याज मिळवणाऱ्या बँकेला ते भांडवल उभारण्यासाठीच ९२ रुपये मोजावे लागले, तर नफा आठ आणि कर दहा! म्हणून कर्जकरारात बहुधा एक कलम घातले जाते : कर कापल्यावरही धनकोच्या हाती पुरते शंभर पडले पाहिजेत. मग ऋणकोला सुमारे १११ रुपये मोजावे लागतात.

म्हणजे ज्या कराच्या हक्कासाठी ऋणको देश इतका झगडला, तो अखेर त्याच्याच कारखानदाराच्या खिशातून येतो. साहित्याच्या अभ्यासकांना हे अपरिचित नसावे. मुख्य संहितेइतकेच तिच्या समासात काय लिहिले आहे, हेही वाचावे लागते.