काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब कसा टिकतो?

पूर्णा तालुक्यातील काळ्या जमिनी भारी, चुनखडीयुक्त आणि ओलावा धरणाऱ्या आहेत. पण माती काळी म्हणजे कर्ब भरपूर, असे समजू नका. माती परीक्षणात कर्ब ०.४० टक्क्यापर्यंत आला तर जमीन ‘कमी’ गटात, ०.४१ ते ०.६० टक्के आला तर ‘मध्यम’ गटात मोडते.

कर्ब मातीला कसा चिकटतो?
काळ्या मातीत स्मेक्टाइट हे चिकणखनिज असते. त्याच्या बारीक कणांचा पृष्ठभाग फार मोठा असतो. शेणखत, मुळे व पालापाचोळा जिवाणू-बुरशी कुजवतात. त्यांच्या मृत पेशी आणि स्राव या कणांना चिकटतात. चुनखडीतील कॅल्शिअम दोघांना जोडून ठेवते. असा कर्ब जिवाणूंच्या हाती सहज लागत नाही, त्यामुळे तो अनेक दशके टिकू शकतो. न चिकटलेला काडीकचरा मात्र आपल्याकडील उष्णतेत लवकर कुजतो आणि त्यातील बराच कर्ब हवेत जातो.

हिशेब समजून घ्या
हेक्टरी १५ सें.मी. थरातील मातीचे वजन साधारण २२ लाख किलो धरतात. कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर सुमारे २,२०० किलो कर्ब मातीत टिकायला हवा. म्हणून एका हंगामात फरक दिसत नाही. दरवर्षी भर घालावी लागते.

काय करावे?
- सोयाबीनचे काड, उसाचे पाचट जाळू नका. पऱ्हाटीचे श्रेडरने बारीक तुकडे करून कुजवा.
- पाचट कुजवताना प्रति टन ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो कुजविणारे जिवाणू संवर्धक वापरा. नत्र-स्फुरद मिळाल्याने जिवाणू वाढतात.
- शेणखत चांगले कुजलेलेच टाका.
- सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घ्या. तुरीची मुळे खोलवर जातात, पाने गळून जमिनीवर पडतात.
- गरजेपुरतीच नांगरट करा. वारंवार नांगरल्याने मातीचे कणसमूह फुटतात व आत दडलेला कर्ब उघडा पडतो.

दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात, खत टाकण्यापूर्वी, त्याच शेतातून त्याच खोलीवरचा नमुना तपासून घ्या. आकडा स्थिर राहिला तरी घट थांबली, हीसुद्धा कमाईच आहे.