गणवेशाची गोष्ट छोट्या पडद्यावर

१६ ऑक्टोबर १९०६ रोजी विल्हेल्म फोग्ट या जोडे शिवणाऱ्या कारागिराने कॅप्टनचा जुना गणवेश चढवला, वाटेत भेटलेल्या सैनिकांना हुकूम सोडला आणि बर्लिनजवळच्या क्योपेनिक गावच्या नगरपालिकेचा ताबा घेतला. महापौरांना अटक करून तो साडेतीन हजारांहून अधिक मार्क घेऊन पसार झाला. फोग्टचे बरेचसे आयुष्य त्याआधी तुरुंगात गेले होते.

या घटनेवर कार्ल त्सुकमायर यांनी लिहिलेले 'क्योपेनिकचा कॅप्टन' हे नाटक मार्च १९३१ मध्ये बर्लिनच्या डॉइचेस थिएटरमध्ये रंगभूमीवर आले. लष्करी गणवेशापुढे झुकणाऱ्या समाजाची ही थट्टा नाझींना मानवणारी नव्हती. १९३३ नंतर त्सुकमायर यांच्या नाटकांवर बंदी आली.

तीन अंक आणि २१ प्रवेशांच्या या नाटकाला दोन धागे आहेत. एक फोग्टचा, दुसरा गणवेशाचा. शिंप्याच्या दुकानातून निघालेला गणवेश हात बदलत जुन्या बाजारात पोहोचतो. फोग्ट मात्र सरकारी कचेऱ्यांत फेऱ्या मारतो. राहण्याचा परवाना नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून परवाना नाही. दोन्ही धागे शेवटी जुळतात, तेव्हाच गंमत पुरी होते.

१९५६ साली हेल्मुट कॉयटनर यांच्या चित्रपटात हाइन्झ र्‍यूमान यांनी फोग्ट साकारला. दूरचित्रवाणीसाठी १९६० मध्ये रुडॉल्फ प्लाट्टे, तर १९९७ मध्ये दिग्दर्शक फ्रांक बायर यांच्या चित्रपटात हाराल्ड युंके ही भूमिका करताना दिसले. १९९७ ची पटकथा वोल्फगांग कोलहाझे यांची होती.

अशा रूपांतरात कात्री कुठे लावायची, हा कळीचा प्रश्न असतो. कचेऱ्यांतील त्याच त्या उत्तरांचे प्रवेश कंटाळवाणे वाटून गाळले, तर उरतो केवळ एका तोतयाचा विनोदी किस्सा. नाट्यगृहातील सामुदायिक हशा घरच्या पडद्याला मिळत नाही. मात्र चेहरा जवळून दाखवता येतो. आजारी मुलीला परीकथा वाचून दाखवणाऱ्या फोग्टच्या हाती हद्दपारीचा हुकूम पडतो, तो प्रवेश कॅमेऱ्याला जणू आपलासा वाटावा. अखेरीस फोग्ट स्वतःला गणवेशात प्रथमच आरशात पाहतो आणि हसत सुटतो. त्या हसण्यामागची आयुष्यभराची वणवण प्रेक्षकाने आधी पाहिलेली असली, तरच ते त्याच्या जिव्हारी लागते.