सेवाग्रामचा मोठा दवाखाना सुरू झाला राहत्या घरातून

कस्तुरबा दवाखान्यात चिठ्ठी काढून नंबरची वाट बघणाऱ्या किती जणांना माहीत असेल, की या दवाखान्याचं मूळ एका कवेलूच्या कुटीत आहे? ती कुटी जवळच्या आश्रमात आजही उभी आहे. नाव 'आखरी निवास'.

गांधीजी १९३६ मध्ये शेगावात राहायला आले. १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. बापूंच्या सहवासात राहता यावं म्हणून जमनालाल बजाज यांच्यासाठी आश्रमात ही कुटी बांधली होती. वर्ध्याचे शेठ, पण राहायला मातीच्या भिंती! ते तिथं थोडेच दिवस राहिले. पुढं डॉ. सुशीला नय्यर यांनी तिथंच गावकऱ्यांसाठी औषधोपचार सुरू केले.

कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, नजरकैदेत वारल्या. डॉ. नय्यरही तिथं कैदेत होत्या. सुटून आल्यावर त्यांनी पुन्हा काम हाती घेतलं. कुटी अपुरी पडत होती, मग बिर्लांचं सेवाग्रामातलं अतिथिगृह दवाखान्यासाठी मिळालं. जिथं पाहुणे उतरायचे तिथं १५ खाटा पडल्या, त्याही फक्त बायका आणि लेकरांसाठी. नाव दिलं कस्तुरबांचं.

आश्रमातली आणखी एक कुटी बघण्यासारखी आहे, परचुरे कुटी. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगात बापूंच्या ओळखीचे. त्यांना कुष्ठरोग होता. त्या काळी अशा माणसाला घरचेही गावाबाहेर ठेवत. बापूंनी आपल्या कुटीजवळ जागा दिली आणि स्वतः मालिश केली. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्येच कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं होतं, हेही इथं सांगायला हवं.

'आखरी निवास' हे नाव मात्र नंतरचं. खोकला वाढल्यानं बापू शेवटी बापूकुटी सोडून या कुटीत राहायला आले. ऑगस्ट १९४६ मध्ये इथूनच ते दिल्लीला निघाले, पुढं नोआखालीला गेले. फेब्रुवारी १९४८ मध्ये परतायचं ठरलं होतं. ३० जानेवारीला त्यांची हत्या झाली.

१५ खाटांच्या त्या दवाखान्याला जोडून १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, मेडिकल कॉलेज निघालं. खेड्यात मेडिकल कॉलेज ही तेव्हा नवलाचीच गोष्ट होती. आजही नव्या विद्यार्थ्यांना आधी आश्रमात राहावं लागतं, मग खेड्यात. पेशंटला भरती केलं आणि हातात तासभर वेळ असला, तर आश्रमात जाऊन ही कुटी बघून या.