नागाच्या विषावर कालाबारचा उतारा

पारनेर तालुक्यात रात्रीचं कांद्याला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला नाग चावला, की अनेकदा पहिल्यांदा त्याच्या पापण्या जड होतात. मग गिळता येत नाही. शुद्ध असते, हृदय चालू असतं. थकतात ते श्वासाचे स्नायू. दवाखान्यात मुख्य इलाज लशीचाच. पण जोडीला दोन इंजेक्शनं असतात: आधी ॲट्रोपिन, लगोलग निओस्टिग्मिन. या जोडीचं मूळ नायजेरियातल्या कालाबारच्या न्यायनिवाड्यात आहे.

तिथले एफिक लोक संशयिताला एका वेलाची विषारी बी खायला लावत. ओकून वाचला तो निर्दोष, मेला तो गुन्हेगार. १८५५ मध्ये एडिंबराच्या रॉबर्ट क्रिस्टिसन यांनी ती स्वतः खाऊन पाहिली आणि दाढीचं पाणी पिऊन, ओकून जीव वाचवला. १८६४ मध्ये तिच्यातून फायसोस्टिग्मिन निघालं. १९३१ मध्ये त्याच्या धर्तीवर निओस्टिग्मिन घडलं.

बी करते काय? मेंदूचा हुकूम मज्जातंतूच्या टोकाशी येतो. पुढे स्नायूपर्यंत बारीक फट. ती ओलांडतं ॲसिटिलकोलिन. ते स्नायूवरच्या ग्राहीला चिकटतं, आणि काम होताच एक विकर त्याचा फडशा पाडतं. नागाचं विष हे ग्राहीच अडवतं. निओस्टिग्मिन विकराला थोपवतं. ॲसिटिलकोलिन साठतं आणि विषाशी झुंजून जागा मिळवतं. पण हाच दूत स्वायत्त मज्जासंस्थेतही राबतो: नाडी मंदावतो, लाळ आणि छातीतला स्राव वाढवतो. तिथले ग्राही वेगळ्या जातीचे. ॲट्रोपिन नेमके तेच बंद करतं, स्नायूंचे मोकळे ठेवतं. आपल्या बांधावरच्या धोत्र्यातही हे द्रव्य असतं.

आता या उताऱ्याच्या श्रेयाचा वाद. प्रचलित मत ग्रीनिचच्या मेरी वॉकर यांच्या बाजूचं. मायस्थेनिया या स्नायू थकवणाऱ्या आजारातल्या रुग्णाची अवस्था क्युरारे या स्नायू लुळे पाडणाऱ्या विषाच्या बाधेसारखी दिसते, आणि फायसोस्टिग्मिन हा क्युरारेवरचा उतारा. म्हणून १९३४ मध्ये त्यांनी ते टोचलं, नि रुग्णाच्या अंगात बळ आलं. दुसरा दावा प्रागचा: १८६४ मध्ये क्लाइनवेख्टर यांनी ॲट्रोपिनची बाधा झालेल्यांना कालाबारचा अर्क दिला होता.

माझं मत एडिंबराच्या थॉमस फ्रेझर यांना. प्रागमध्ये प्रसंगाला धावून जाणं झालं. वॉकरबाईंनी जोडीतलं एकच औषध उचललं. बी आणि ॲट्रोपिन समोरासमोर ठेवून, मात्रा बदलत, सशांवर हिशेब मांडला तो फ्रेझरनी, १८७२ च्या निबंधात. पुढे १८९५ च्या सुमारास तेच गृहस्थ नागाच्या विषावरील लशीच्या मागे लागले. बी आणि नाग एकाच टेबलावर आले, तर धागा जुळलाच असणार असं मी धरून चालतो. आणि १९०४ मध्ये पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, पुढचे सेनापती, एडिंबराला अभियांत्रिकी शिकायला गेले, तेव्हा फ्रेझर तिथेच प्राध्यापक होते. भेट झाली असं म्हणत नाही. पण पारनेरकराने हे नाव लक्षात ठेवायला एवढं पुरे.

फ्रेझर यांच्या हिशेबात एक मर्यादाही होती: ठरावीक मात्रेपलीकडे उतारा चालत नाही. मण्यारीच्या दंशात अडचण वेगळीच. तिचं विष ग्राही सोडून तंतूचं टोकच निकामी करतं; दूतच सुटत नाही, तर निओस्टिग्मिन साठवणार काय? तिथे लस आणि कृत्रिम श्वास यांवरच भिस्त.