दोष कोणाच्या माथी?

१/ प्रोग्राम कोसळला की कार्यालयात पहिला प्रश्न येतो: ही ओळ कोणाची? 'सबव्हर्जन' प्रणालीत ओळीचा कर्ता दाखवणाऱ्या आज्ञेचे नावच 'ब्लेम'. तिला 'प्रेझ', म्हणजे स्तुती, असे पर्यायी नावही आहे. ते कोणी वापरताना मी तरी ऐकलेले नाही.

२/ पण ओळीचा कर्ता हाच दोषी असतो का? फंक्शनल प्रोग्रामिंगमध्ये एक फंक्शन दुसऱ्याच्या हाती सोपवता येते. ते सदोष आहे हे घेताना कळत नाही, वापरताना कळते. चूक एकाची, स्फोट दुसऱ्याच्या दारात! २००२ साली रॉबर्ट फिंडलर व मॅथियस फेलायझेन यांनी यावर करारांची पद्धत मांडली: सीमेवर दोन्ही पक्षांची नोंद ठेवायची आणि करार मोडणाऱ्याकडेच बोट दाखवायचे.

३/ टाइप-तपासणीत उतरलेला प्रोग्राम चुकत नाही, हे रॉबिन मिल्नर यांचे १९७८ मधील सूत्र. २००९ मध्ये फिलिप वॉडलर व फिंडलर यांनी त्यावर कोटी करून निबंधाचे शीर्षक बेतले: अशा प्रोग्रामला दोष देता येत नाही. थट्टेमागे सिद्धता होती. टाइप तपासलेला व न तपासलेला भाग जिथे भिडतात, तिथे दोष कमी तपासलेल्या बाजूचाच ठरतो, मग प्रोग्राम कोणाच्याही ओळीवर कोसळो.