झाडीपट्टीतील लाकडी जिना आणि कठडा

भंडारा जिल्ह्यात लाकडी कठडा कसा जोडला जात असे, याचा सर्वांत जुना पुरावा दगडात शिल्लक आहे. वैनगंगेच्या काठच्या पवनी येथे १९६९-७० साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी मिळून केलेल्या उत्खननात इसवी सनापूर्वीच्या बौद्ध स्तूपांचे अवशेष आणि त्यांच्या वेदिकेचे, म्हणजे प्रदक्षिणामार्गाला वेढणाऱ्या कठड्याचे, कोरीव स्तंभ उजेडात आले. अशा वेदिकेत उभ्या स्तंभांच्या बाजूंना खाचा पाडून त्यांत सूची या नावाने ओळखले जाणारे आडवे दांडे बसवलेले असतात आणि सर्व स्तंभांचे माथे उष्णीष नावाच्या शिरपट्टीने एकत्र बांधलेले असतात. वजनाने जागच्या जागी राहणाऱ्या दगडाला अशी जोडणी आवश्यक नसते. ती लाकूड जोडणाऱ्याची रीत असून, पाथरवटाने ती सुताराकडून जशीच्या तशी उचलली, असे कलेतिहासकार मानतात. त्या काळचे लाकूड कधीच कुजून गेले, परंतु उभा गज, त्यातील खाच आणि वरची पट्टी हीच रचना दोन हजार वर्षांनंतरच्या वाड्यांच्या कठड्यांतही टिकून राहिलेली दिसते.

भंडारा जिल्हा ज्या प्रदेशात येतो त्याला झाडीपट्टी म्हणतात, आणि तेथील वनांत साग, बिजा, ऐन, हळदू, शिवण, तिवस अशी घरबांधणीला उपयोगी लाकडे मिळत आली आहेत. साध्या कवेलूच्या घरात माळ्यावर चढण्यासाठी निसणी, म्हणजे उचलून बाजूला ठेवता येणारी शिडी, पुरेशी होती. कायमचा जिना हे माडीच्या घराचे, म्हणजे मुख्यतः मालगुजाराच्या वाड्याचे, लक्षण होते. १८५४ साली नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजी अमलातील जमाबंदीत गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना जमिनीची मालकी मिळाली आणि गावालगतच्या जंगलावरही त्यांचा हक्क प्रस्थापित झाला. नागपूरच्या भोसल्यांचा लाकडी कोरीव कामाने सजलेला राजवाडा १८६४ साली आगीत नष्ट झाला. परंतु कोरलेले खांब, जाड तुळया आणि चौकाकडे उघडणारे सज्जे ही त्या दरबारी बांधणीची आवड मालगुजारांच्या वाड्यांतून पुढे चालू राहिली.

या वाड्यांतील जिन्याची खरी थोरवी त्याच्या कोरीव कामात शोधणे योग्य होणार नाही. पुढे दुरुस्ती करावी लागणार, हे गृहीत धरूनच तो घडवलेला असे. दोन्ही बाजूंच्या तिरक्या जाड फळ्यांना आतून खाचा पाडून पायऱ्यांच्या फळ्या त्यांत सरकवल्या जात आणि पाचर मारून घट्ट केल्या जात, त्यामुळे मधोमध झिजलेली पायरी पाचर काढून बाहेर घेता येई आणि लाकूड शाबूत असेल तर उलटी करून पुन्हा बसवता येई. कठड्याचे गज खराद्याने, म्हणजे लाकूड फिरवून गोलाई देणाऱ्या कारागिराने, कातलेले असत. त्यांच्या दोन्ही टोकांना कुसू, म्हणजे खाचेत शिरणारी निमुळती जीभ, ठेवलेली असल्याने एक गज मोडला तरी शेजारच्यांना धक्का न लावता तो बदलता येई. विदर्भात सुताराला वाढई म्हणतात. नांगर-वखराच्या नेहमीच्या कामाबद्दल त्याला कास्तकारांकडून वर्षाकाठी धान्य मिळे, तर घरकामाची मजुरी वेगळी ठरे.

लाकडाचे पृष्ठभाग नवे करण्याची सामग्रीही याच शिवारात उपजत होती. भाताच्या उभ्या पिकात ओल असतानाच बी फोकून घेतल्या जाणाऱ्या उतेरा पिकांत लाखोळीबरोबर जवसही असे, आणि घाण्यावर काढलेले जवसाचे तेल लाकडाला विशेष मानवते, कारण ते हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते आणि लाकडाच्या रंध्रांत कायमचे बसते. तीळ किंवा शेंगदाण्याचे तेल असे वाळत नाही. याच वाळण्याच्या क्रियेत उष्णता निर्माण होत असल्याने जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून ठेवले तर ते आपोआप पेट घेऊ शकतात, हे आजही विसरता कामा नये. दुसरा पदार्थ म्हणजे लाख. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक सूक्ष्म कीटक राळेसारखे कवच तयार करतो. पळसावरील लाखेला रंगीनी आणि कुसुमावरील अधिक फिकट लाखेला कुसमी म्हणतात. ती खरवडून, धुऊन, वितळवून तिचे पातळ पापुद्रे केले की चपडा तयार होतो. खराद्याच्या हाती लाखेची कांडी थेट फिरत्या गजावर दाबली जाई आणि घर्षणाच्या उष्णतेने वितळून ती लाकडाला चकाकी देई. स्पिरिटमध्ये चपडा विरघळवून बोळ्याने थरावर थर चढवण्याची युरोपीय पद्धत इंग्रजी काळात रुळली. उधईपासून रक्षण करण्यासाठी लाकडाला बिब्याचे तेल लावण्याची जुनी रीत होती.

या कामाला ऋतूचे बंधन होते. दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक येते आणि तेल वाळायला फार वेळ घेते, म्हणून मळणी उरकल्यानंतरचे आणि मृगाच्या आधीचे कोरडे महिने त्यासाठी योग्य ठरत. मात्र उन्हाळ्यात आकसलेले लाकूड पावसात फुगते, तेव्हा पाचर किती घट्ट मारायची याचा अंदाज जाणत्या हातालाच येई.

बंगाल-नागपूर रेल्वे १८८७ साली स्थापन झाली आणि १८९१ पर्यंत नागपूर आसनसोलशी जोडले गेले. भंडारा रोड आणि तुमसर रोड ही स्थानके याच मार्गावर आहेत. रेल्वेमुळे, हा जिल्हा ज्यात मोडत असे त्या मध्य प्रांतातील जवस परदेशातील रंगांच्या कारखान्यांकडे जाऊ लागला आणि डब्यातील तयार वार्निश बाजारात येऊ लागले. त्याहून मोठा बदल १९५१ साली झाला. मालगुजारी संपुष्टात आली आणि मालगुजारांची जंगले शासनाकडे गेली. कुळांसाठी हा बदल न्याय्य होता यात शंका नाही, पण वाड्यांना मिळणारे हक्काचे सागवान त्याबरोबरच थांबले, हीही वस्तुस्थिती आहे. पुढे सिमेंटचा जिना स्वस्त पडू लागला.

आज टिकून असलेल्या जिन्यांची दुरुस्ती करताना पॉलियुरेथेनचा जाड थर देण्याकडे कल असतो. हा थर कणखर खरा, पण तो एका जागी सोलला गेला तर तेवढाच भाग बेमालूम जुळवणे कठीण जाते आणि बहुधा संपूर्ण पृष्ठभाग घासून काढावा लागतो. जवसाचे तेल किंवा चपडा यांचा नवा हात मात्र जुन्यावर मिसळून जातो, म्हणून पायऱ्यांसारख्या सतत झिजणाऱ्या जागी जुनी पद्धतच अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल. पॉलिशपेक्षा लाकडाचा प्रश्न अवघड आहे. आज मिळणारे कोवळे लागवडीचे सागवान जुन्या वनातील परिपक्व सागाशी पोताने किंवा रंगाने जुळत नाही, त्यामुळे बदली पायरीसाठी पाडलेल्या घरांतून निघालेल्या तुळया आणि दारांच्या चौकटी शोधाव्या लागतात, त्यांतील जुने खिळे काढून रंधा मारावा लागतो, आणि मगच ती फळी मूळ खाचेत बसते.